जुनें लांकूड आणि पांढरा रंग

दिवाळी झाली, तुळशीचीं लग्नें लागलीं, आणि पावसाळ्यांत ओलावलेलीं घरें पुरतीं कोरडीं झालीं, कीं आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय जणूं ठरलेला असतो. भिंतीला कोणता रंग द्यावा, माळ्यावरची पेटी खालीं काढावी कीं तेथेंच राहूं द्यावी, खिळखिळ्या खुर्च्या सुताराला दाखवाव्या कीं भंगारवाल्याला, अशा प्रश्नांची दाटी होते. यंदां त्यांत एक पत्र असें आलें आहे, कीं त्याचें उत्तर एकट्या लिहिणाऱ्या भगिनीस न धाडतां सर्वच वाचकांपुढें ठेवावें, असें आम्हांस वाटलें.

या बाईंचें कुटुंब मोठें व एकत्र आहे. त्या मधल्या सूनबाई. घरांत आजेसासऱ्यांच्या वेळचें एक उभें सागवानी कपाट आहे, स्वयंपाकघरांत एक फडताळ आहे, खोक्यांच्या फळ्यांचें केलेलें एक टेबल आहे, आणि चार पिढ्यांचीं बाळें ज्यांत निजलीं असा एक लांकडी पाळणा आहे. धाकट्या जाऊबाईंच्या मनांत हें सारें सामान घरच्या घरीं पांढरें करावयाचें आहे. माजघर अंधारें, त्यांत हें काळसर सामान. पांढरें केलें तर खोली उजळेल, असें त्यांचें म्हणणें. सासूबाईंचें म्हणणें असें, कीं सागाला रंग फांसणें म्हणजे सोन्याला कल्हई करणें. वाद महिनाभर चालला आहे. एका गोष्टीबद्दल मात्र दोन्ही पक्षांचें एकमत आहे : नणंदबाई बाळंतपणासाठीं माघांत माहेरीं येणार आहेत, तोंवर पाळण्याचे जुने पोपडे खरवडून त्याला शुभ्र रंग देऊन ठेवावा. ‘आमच्यांत बरोबर कोण, तें तुम्ही सांगा,’ असें बाईंनीं शेवटीं विचारलें आहे.

सासू-सुनांच्या वादांत निवाडा देण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. पण लांकूड आणि रंग यांचे कांहीं धर्म आहेत, आणि ते सासरचें-माहेरचें पाहत नाहींत. ते सांगितले, म्हणजे निवाडा ज्याचा त्याला करतां येईल. एवढें मात्र आरंभींच सांगतों, कीं ज्या गोष्टीवर घरांत वाद आहे ती फारशी धोक्याची नाहीं. ज्या गोष्टीवर सर्वांचें एकमत झालें आहे, तीच धोक्याची आहे.

पांढऱ्या सामानाची हौस कोठून आली

लांकडी सामान पांढरें करण्याची रीत आपल्याकडची नव्हे. स्वीडनमध्यें तिसरा गुस्ताव राजा १७७१ पासून १७९२ पर्यंत गादीवर होता. त्याच्या काळांत तेथें फिकट करड्या व पांढरट रंगाच्या खुर्च्या-टेबलांची पद्धत रूढ झाली. त्यामागें शोभेइतकीच सोयही होती. त्या देशांत हिवाळ्याचा दिवस चार-सहा तासांचा, उत्तरेकडे तर त्याहूनही आंखूड. मिळेल तेवढा उजेड खोलीभर परतावा, म्हणून भिंती व सामान फिकें ठेवीत. शिवाय तेथें विपुल मिळणारें लांकूड पाइन व बर्च यांचें. त्याला रंग दिल्यानें कांहीं गमावत नसे, उलट तें टिके.

पुढें हीच गोष्ट हौसेची झाली. सॉमरसेट मॉम या कादंबरीकाराची पत्नी सिरी मॉम ही लंडनमध्यें घरें सजविण्याचा व्यवसाय करीत असे. १९२७ च्या सुमारास चेल्सी भागांतील आपल्या घराचा दिवाणखाना तिनें सबंध पांढरा केला, आणि त्याची चर्चा दूरवर गेली. जुन्या, किमती सामानावरही तिनें पांढरा हात फिरविला, आणि त्याबद्दल जाणकारांचे बोलही ऐकून घेतले. म्हणजे आज पत्रांतल्या घरीं जो वाद चालू आहे, तोच लंडनांत शंभर वर्षांपूर्वीं होऊन गेला आहे.

आपल्याकडे उजेडाचा दुष्काळ नाहीं. पण वाड्यांचीं माजघरें अंधारीं असतात हें खरें. मात्र थोडा हिशेब करून पाहावा. सहा फूट उंच आणि तीन फूट रुंद कपाटाचें तोंड अठरा चौरस फुटांचें. त्याच खोलीच्या चार भिंती, प्रत्येकी दहा फूट लांब व दहा फूट उंच धरल्या, तर चारशें चौरस फूट होतात. खोली काळोखी असेल तर ती भिंतींमुळें व छतामुळें, कपाटामुळें नव्हे. भिंतींना स्वच्छ पांढरा हात द्यावा आणि कपाट तिच्यापुढें जसेंच्या तसें उभें करावें. खोलीही उजळते आणि सागाचा तांबूस रंगही उठून दिसतो. धाकट्या जाऊबाईंचा हेतु आणि सासूबाईंचा आग्रह हे दोन्ही अशा रीतीनें साधतात, हें आमच्या मनाला बरें वाटतें.

कोणतें लांकूड रंगवावें

तरीही पांढरा रंग द्यावयाचाच असेल, तर आधीं लांकडाची ओळख करून घ्यावी. ती वरच्या अंगानें होत नाहीं. खण बाहेर काढून त्याची मागची बाजू पाहावी, कपाटाच्या तळाकडे पाहावें. तेथें पॉलिश किंवा रंग सहसा नसतो. सोनेरी-तपकिरी, हाताला किंचित तेलकट, आणि ओल्या कापडानें पुसतां कातड्यासारखा मंद वास येणारें तें सागवान. गर्द जांभळट-काळसर, रेघारेघांचें व उचलतांना भार जाणवणारें तें शिसवी. कोंकणांतल्या घरांत फणसाचें लांकूड असतें. तें नवें असतांना पिवळें व जसजसें जुनें होईल तसतसें तांबूस होत जातें. हीं तिन्ही लांकडें उघडीं शोभतात. त्यांवर रंग चढविणें सोपें, उतरविणें महाकठीण. कारण रंग रेषांरेषांत शिरून बसतो, आणि तो काढतांना कंगोरे व नक्षी झिजते. ज्या गोष्टीचा पश्चात्ताप झाल्यावर उपाय नाहीं, ती करण्यापूर्वीं एक वर्ष थांबावें, हा नियम येथेंही चालतो.

उलट देवदाराच्या खोक्यांचें टेबल, आंब्याच्या किंवा सांवरीच्या फळ्यांचें फडताळ, प्लायवूडचें कपाट, चार प्रकारच्या लांकडांचीं ठिगळें लावून दुरुस्त केलेल्या खुर्च्या, आणि मुख्य म्हणजे ज्यांवर पूर्वींच कोणीतरी रंग देऊन ठेवला आहे अशा वस्तु, यांना पांढरा रंग खुशाल द्यावा. त्यांना त्यानें रूप येतें आणि आयुष्यही वाढतें.

कांहीं वस्तु मात्र लांकूड कोणतेंही असो, रंगवूं नयेत. पोळपाट-लाटणें आणि ज्यांवर पीठ किंवा भाजी पडते असे पाट व फळ्या यांना रंग नको. तो अन्नांत जातो. देव्हाऱ्यालाही पांढरा रंग टिकत नाहीं. निरांजनाची काजळी आणि उदबत्तीचा धूर यांनीं तो सहा महिन्यांत मळतो, आणि नित्य पुसून पुसून कडांना उडतो. जेथें दिवा तेथें उघडें लांकूड बरें.

पाळण्याविषयीं

आतां त्या एकमताच्या गोष्टीकडे वळूं. पाळण्यावर जुन्या रंगाचे पोपडे आहेत, असें बाई लिहितात. हे शब्द वाचून आम्हीं पत्र बाजूला ठेवलें नाहीं, याचें कारण त्या पोपड्यांत शिसें असण्याचा संभव आहे.

जुन्या काळचा पांढरा तेलरंग म्हणजे सफेता, जवसाचें बेलतेल आणि टर्पेंटाइन यांचें मिश्रण. त्यांतला सफेता पुष्कळदां शिशाचा असे. रंग लवकर वाळावा म्हणून घालीत तें मुरदाडशिंगही शिशाचेंच, आणि लोखंडाला अस्तर म्हणून लावीत तो शेंदूरही शिशाचाच. झगझगीत पिवळ्या व नारिंगी रंगांतही शिशाचे क्षार असत. असा रंग दाट बसे व वर्षानुवर्षें टिके, म्हणून रंगारी त्याची वाखाणणी करीत. पण त्याच रंगाऱ्यांना पोटशूळ होई व मनगटें लुळीं पडत, हेंही जुनेंच ज्ञान आहे. शिशाच्या सफेत्यापासून कामगारांचें रक्षण व्हावें, यासाठीं आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेनें १९२१ सालीं करार केला. अमेरिकेनें घरगुती रंगांतील शिशावर १९७८ सालीं बंदी घातली. आपल्या देशांत घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाला सक्तीची मर्यादा घालणारे नियम २०१६ सालीं झाले, आणि ते १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलांत आले. दहा लाख भागांत नव्वद भागांहून अधिक शिसें असूं नये, अशी ती मर्यादा आहे. तेव्हां त्यापूर्वींच्या रंगाची खात्री कोणीं द्यावी? चार पिढ्यांच्या पाळण्यावर तर रंगाचे थर किती व कोणत्या सालचे, हें घरांतल्या वडीलधाऱ्यांनाही सांगतां येणार नाहीं.

शिसें सर्वांनाच बाधतें. परंतु बाळाला विशेष. पोटांत गेलेल्या शिशापैकीं मोठ्या माणसाच्या शरीरांत जेवढें मुरतें, त्याच्या चार-पांचपट लहान मुलाच्या शरीरांत मुरतें. तें मेंदूच्या वाढीवर घाला घालतें, आणि झालेली हानि भरून येत नाहीं. इतकें शिसें चालेल, अशी निर्धोक मर्यादा जागतिक आरोग्यसंघटनेला सांगतां आलेली नाहीं. त्यांत सहा-सात महिन्यांच्या बाळाला दांत येऊं लागले, कीं तें पाळण्याचा कठडा चावतें; आणि शिशाच्या कांहीं क्षारांची चव गोडसर असते. वरून नवा रंग दिला म्हणजे खालचा गाडला गेला, असें कोणी म्हणेल; पण कोंवळे दांत नव्या रंगाबरोबर जुनाही काढतात.

याहून मोठा धोका खरवडण्याचा. कोरडा रंग पॉलिशपेपरनें घांसला, कीं त्याची पिठासारखी धूळ उडते. ती श्वासांत जाते, जाजमावर बसते, रांगत्या मुलाच्या हाताला लागते व तेथून तोंडांत जाते. गर्भवती स्त्रीनें तर असें काम करूंच नये, आणि तें चालू असेल त्या घरांत राहूंही नये. कारण शिसें हाडांत सांठतें, आणि गर्भारपणांत तेथून सुटून गर्भापर्यंत पोहोंचतें. नणंदबाई माहेरीं येण्याच्या बेतांत आहेत. अशा वेळीं मोठ्या प्रेमानें पाळणा खरवडीत बसणें म्हणजे काय, हें आतां निराळें सांगावयास नको.

यास्तव आमचा सल्ला असा. पाळण्यावर जुना रंग असेल, आणि त्यांत शिसें नाहीं अशी प्रयोगशाळेंतून खात्री करून घेतां येत नसेल, तर तो पाळणा या बाळासाठीं वापरूं नये. तो मोडूंही नये, जाळूंही नये. आठवण म्हणून एका बाजूला सुरक्षित ठेवावा, आणि बारशापुरता पाळणा नवा किंवा बिनरंगाचा आणावा. पाळणा उघड्या सागाचाच निघाला, तर दुधांत साखर. कोमट पाण्यांत भिजवून पिळलेल्या कापडानें पुसावा, ऊन दाखवावें, आणि तसाच वापरावा. रंगाशिवाय पाळण्याला शोभा नाहीं, असें बाळाला कधींच वाटत नाहीं.

इतर सामानावरचा जुना रंग काढणें भागच असेल, तर तो ओला करून काढावा. शक्य तर काम घरांत न करतां अंगणांत उघड्यावर करावें, खालीं प्लॅस्टिकचा कागद अंथरावा, मुलांना त्या दिवशीं दुसऱ्या घरीं पाठवावें. रंगावर पाण्याचा फवारा मारीत मारीत पात्यानें खपल्या काढाव्या, नाकातोंडावर धुळीसाठीं बनविलेला दाट मुखवटा असावा. साधा रुमाल पुरत नाहीं. दिव्याच्या झोतानें रंग जाळून काढूं नये, कारण वाफेंतूनही शिसें येतें. झाडूनें न झाडतां ओल्या फडक्यानें टिपून घ्यावें, खपल्या कागदासकट गुंडाळून कचरा नेणाऱ्यांना तसें सांगून द्याव्या. त्या तुळशीच्या कुंडींत किंवा परसांत टाकूं नयेत. ज्यांच्या घरीं अजून बंब आहे त्यांनीं त्या बंबांतही घालूं नयेत. अंगावरचे कपडे निराळे धुवावे व न्हाऊन मगच मुलांना जवळ घ्यावें.

रंगाची तयारी

पांढऱ्या रंगाविषयीं एक गैरसमज सार्वत्रिक आहे. पांढरा दिला म्हणजे सारे दोष झांकले जातात, असें लोक समजतात. खरी गोष्ट उलट आहे. तपकिरी रंगाखालीं सुताराची चूक लपते, काळ्याखालीं रंगाऱ्याची लपते. पांढऱ्यावर मात्र प्रत्येक भेग, प्रत्येक डाग, प्रत्येक आळस उजेडांत येतो. म्हणून पांढऱ्या रंगाचें तीन-चतुर्थांश काम रंगाचा डबा उघडण्यापूर्वींच संपलेलें असावें लागतें.

जुना रंग नाहीं, किंवा आहे तो धोक्याचा नाहीं, असें धरून पुढील क्रम देतों. प्रथम बिजागऱ्या, कडी-कोयंडे व मुठी काढून ठेवाव्या. त्यांवर रंग फांसलेला दिसला, कीं काम हौशी माणसाचें हें लांबूनही ओळखूं येतें. मग बादलीभर कोमट पाण्यांत दोन चमचे धुण्याचा सोडा घालून लांकूड पुसावें. फडताळावर फोडणीच्या वाफेचा व तेलाचा जो थर बसतो, तो निघाल्याशिवाय त्यावर कोणताही रंग धरत नाहीं. त्यानंतर साध्या पाण्यानें दोनदां पुसून दोन-तीन दिवस सांवलींत वाळूं द्यावें.

वाळत असतां खालीं एक पांढरा कागद पसरून ठेवावा. सकाळीं त्यावर पिठासारखा ताजा भुसा दिसला, तर लांकडांत भुंगा जिवंत आहे असें समजावें. बारीक छिद्रें दिसतात पण भुसा पडत नाहीं, तर तो बहुधा जुना रोग. भुंग्यावर किंवा वाळवीवर रंग देणें म्हणजे तापावर शाल पांघरणें. आधीं औषध, मग रंग. सुट्या झालेल्या जोडांत सरस भरून ते आवळून बांधावे, आणि एक रात्र तसेंच राहूं द्यावें.

मग घांसणें. आरंभीं शंभर नंबरचा पॉलिशपेपर, शेवटीं एकशें ऐंशींचा. नेहमीं रेषेच्या दिशेनें, आडवा कधींही नाहीं. आडव्या ओरखड्यांचें जाळें तपकिरी रंगांत दिसत नाहीं, पांढऱ्यांत हटकून दिसतें.

यानंतरची पायरी पुष्कळ जण गाळतात, आणि आम्हींही एकदां गाळली. साग, शिसव व आंबा यांच्या अंगांत रंगद्रव्य असतें. पाण्याचा रंग लावला, कीं तें विरघळून वर येतें आणि पांढऱ्यावर चहासारखे डाग उमटतात. आणखी एक हात द्या, दोन द्या. ते पुन्हां येतात. त्यावर उपाय आपल्याच देशांतला, लाखेचा. रांचीजवळ नामकूम येथें १९२४ पासून लाखेवर संशोधन चालत आलें आहे, तें त्या चिमुकल्या किड्याच्या राळेचे असे उपयोग आहेत म्हणूनच. एक लिटर स्पिरिटांत पाव किलो चपडा घालून रात्रभर ठेवावा. सकाळीं ढवळावें, आणि पुन्हां दिवसभर हलवूं नये. चपड्यांतलें मेण खालीं बसतें. वरचें स्वच्छ पाणी तेवढें ओतून घ्यावें, कारण मेण राहिलें तर वरचा रंग नीट धरत नाहीं. सागाचें अंग तेलकट असतें. तें स्पिरिटाच्या फडक्यानें पुसून लगेच या लाखेचे दोन पातळ हात द्यावे. स्पिरिट पेट घेणारें असतें. स्वयंपाकघरापासून व समईपासून दूर, दारें-खिडक्या उघडून हें काम करावें.

लाख वाळली, कीं हलक्या हातानें घांसून अस्तर लावावें. अस्तर वाळल्यावर भेगा व खिळ्यांचीं भोकें यांत लांबी भरावी. लांबी आधीं न भरतां अस्तरानंतर भरावी, कारण कोरडें लांकूड लांबींतलें तेल पिऊन घेतें आणि ती पुढें भुगा होऊन गळते. ती वाळल्यावर पुन्हां घांसावें व ओल्या फडक्यानें धूळ टिपावी.

रंगाचे दोन हात

आतां रंग. बाजारांत दोन प्रकार मिळतात : तेलांत मिसळलेला इनॅमल आणि पाण्यांत मिसळणारा ॲक्रिलिक. इनॅमल कठीण होतो व चकाकतो. पण तेलाचा पांढरा रंग अंधारांत राहिला, कीं पिवळसर पडतो, आणि उजेडांत आणला तर कांहीं अंशीं निवळतो. म्हणून खिडकीजवळचें दार पांढरें व भिंतीकडची बाजू हस्तिदंती, असा दुरंगी प्रकार कांहीं वर्षांनीं दिसूं लागतो. अंधाऱ्या माजघरासाठीं ॲक्रिलिक बरा. तो तसा पिवळा पडत नाहीं. डब्यावर शिशाविषयीं काय छापलें आहे, तें वाचल्याशिवाय कोणताही डबा घरीं आणूं नये.

प्रमाणाचा अंदाज असा. एक लिटर रंग एका हाताला सुमारें शंभर चौरस फुटांना पुरतो. सहा फूट उंच, तीन फूट रुंद व दीड फूट खोल कपाटाचें तोंड, दोन्ही बाजू व माथा मिळून चाळीस चौरस फूट होतात. दोन हातांना ऐंशीं. म्हणजे एक लिटर पुरून थोडा उरतो. दुकानदार दोन लिटरचा आग्रह करील, तो मोडावा.

रंग पातळ लावावा. एक जाड हात देण्यापेक्षां दोन पातळ हात केव्हांही बरे. जाड रंग ओघळतो, आणि वरून वाळला तरी आंतून मऊ राहतो. कुंचला आधीं कंगोऱ्यांत व कोपऱ्यांत फिरवावा, मग सपाट भागावर. आणि शेवटचा ओढा एकाच दिशेनें, मध्यें न थांबतां. दोन हातांमध्यें एक रात्र जाऊं द्यावी, व तीनशें वीस नंबरच्या कागदानें नुसती लव काढावी. हातानें चिकटत नाहीं म्हणजे रंग पक्का झाला, असें नव्हे. पुरता कठीण होण्यास त्याला दोन-तीन आठवडे लागतात. तोंवर कपाटावर तांब्या-पितळेचीं भांडीं किंवा वह्यांचे ढीग ठेवूं नयेत. ते चिकटतात, आणि काढतांना रंगासकट निघतात. हें सारें काम मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत करावें. पावसाळ्यांत लांकूड फुगलेलें असतें. त्या वेळीं रंगविलेलें दार उन्हाळ्यांत आकसतें, आणि प्रत्येक जोडावर रंगाला चीर जाते.

ज्यांनीं साग उघडाच ठेवण्याचें ठरविलें, त्यांनीं वर्षांतून एकदां त्याला जवसाच्या तेलाचा हलका हात द्यावा. तेलाचें फडकें मात्र चुरगळून कोपऱ्यांत टाकूं नये. जवसाचें तेल वाळतांना हवेंतील प्राणवायु घेतें व तापतें. गोळा करून टाकलेलें फडकें आपोआप पेटूं शकतें. तें उलगडून उघड्यावर वाळत घालावें, मगच टाकावें.

कपाटाचें आंतलें दार

आम्हींही एकदां पायरी गाळली, असें वर म्हटलें. ती हकीकत सांगून हें लेखन पुरें करितों.

आमच्या घरीं वडिलोपार्जित एक सागवानी कपाट होतें. एका दसऱ्यास आम्हां सर्वांच्या मनांत आलें, कीं तें पांढरें करावें. कोणी मोडता घातला नाहीं. सुटीचे चार दिवस, घरांतलीं पांच-सहा माणसें, आणि उत्साह असा कीं लाखेची पायरी कोणाला आठवली नाहीं. सहा महिन्यांत दारावर चहाच्या रंगाचे ओघळ उमटले. तें दुःख रंगाच्या दुसऱ्या डब्यानें निभावलें असतें.

पण आम्हीं उत्साहाच्या भरांत कपाट आंतूनही रंगविलें होतें. डाव्या दाराच्या आंतल्या अंगाला आजोबांनीं बोरूनें, काळ्या शाईनें घरांतल्या प्रत्येक मुलाची जन्मतिथि, वार आणि घटका-पळें लिहून ठेविलीं होतीं. रोज डोळ्यांसमोर असणारें तें लिखाण आम्हांपैकीं कोणाला दिसेनासें झालें होतें. पुढें एका पत्रिकेसाठीं वेळ हवी झाली, तेव्हां आत्याबाई म्हणाल्या, ‘अरे, कपाटाच्या दारांत पाहा ना.’ आम्ही पाहत राहिलों. दार शुभ्र होतें. रंग खरवडून पाहिला, तर रंगाबरोबर शाईही निघून आली. त्या यादींत एक नांव असें होतें, कीं ज्याचें माणूस दोन महिन्यांचें होऊन गेलें. त्याच्या येण्याची नोंद या जगांत तेवढीच होती. आत्याबाई कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं दार हलकेंच लावून घेतलें.

म्हणून आमची शेवटची सूचना साधी आहे. कपाट रंगवावयाचें असेल तर बाहेरून रंगवा, आंतून नको. कपड्यांना व पुस्तकांना बंद रंगाचा वास लागतो, हें एक कारण आहेच. पण त्याआधीं एका सकाळीं घरांतल्या सर्वांत वृद्ध माणसाला त्या कपाटापुढें खुर्चींत बसवा, सगळीं दारें व खण उघडा, आणि यांत काय काय आहे तें त्यांना विचारा. सासूबाई बोलतील, धाकट्या सूनबाई ऐकतील. कदाचित् बोलतां बोलतां रंगाचा विचार बदलेल, कदाचित् बदलणार नाहीं. दोन्हींपैकीं कांहींही झालें तरी चालेल. विचारून दिलेल्या रंगाला घरांत कोणी नांव ठेवीत नाहीं.

नणंदबाई सुखरूप मोकळ्या होवोत, आणि नव्या पाळण्यांतल्या बाळाची जन्मवेळ कपाटाच्या आंतल्या दारावर लिहिली जावो, एवढीच आमची इच्छा.